गाणं थांबलं तरी घूं घूं: घरी बांधलेल्या अँपमधला हम कसा घालवावा

अँप (अँप्लिफायर) बांधून होतो. स्पीकर जोडता, स्विच दाबता, आणि गाणं लावायच्या आधीच जाड, एकसुरी घूंऽऽ सुरू होतं. गाण्यात ते झाकलं जातं, पण दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत पुन्हा वर येतं. रात्री हळू आवाजात ऐकायला बसलं की मग दुसरं काहीच ऐकू येत नाही.

दुकानात विचारलं की सल्ला ठरलेला असतो: "फिल्टरचा कंडेन्सर वाढवा." २२०० मायक्रोफॅरॅडचा काढून ४७०० चा लावायचा, मग १०,००० चा. माझ्या पहिल्या अँपवर मी हेच केलं आणि प्रत्येक वेळी हम जेमतेम बदलला. कारण साधं आहे. गाणं बंद असताना अँपच्या टीडीए२०३० या दोन आयसी मिळून सुमारे ८० ते १०० मिलिअँपिअर करंट घेतात. इतक्या करंटला २२०० मायक्रोफॅरॅडवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, येतो, आणि तो आयसी बराचसा स्वतःच दाबून टाकते. म्हणजे शांत बसलेला अँप जोरात घुमत असेल, तर कंडेन्सर लहान असण्याची शक्यता कमी. बहुतेक वेळा दोष ग्राउंडच्या वायरींत असतो: कुठली वायर कुठून कुठे नेली आणि तिच्यातून कुणाचा करंट वाहतोय, यात.

हा लेख त्या वायरींबद्दल आहे. डोळ्यांसमोर ठेवलाय तो नवशिके सर्वांत जास्त बांधतात तो अँप: दोन टीडीए२०३०, १२-०-१२ व्होल्ट ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), दोन कंडेन्सर, व्हॉल्यूमचा पॉट आणि पत्र्याचं कॅबिनेट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत हे सगळं मिळतं. एलएम१८७५ किंवा एलएम३८८६ ही दुसरी आयसी वापरली असेल तरी पायऱ्या याच.

एक गोष्ट खरेदीच्या वेळीच सांगायला हवी. साध्या टीडीए२०३० ची मर्यादा दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर लोड नसताना, घरातला पुरवठा थोडा चढा असेल तर, १७ ते १८ व्होल्टपर्यंत जातो. त्यामुळे शेवटी "ए" असलेली टीडीए२०३०ए घ्या, ती २२ व्होल्टपर्यंत सोसते.

झाकण उघडण्याआधी

प्लग सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. जुन्या घरांत स्विच कधी कधी न्यूट्रलमध्ये बसवलेला असतो आणि फेज आत तसाच येत राहतो. मग कंडेन्सर रिकामे करा: १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशनच्या पकडीने धरून प्रत्येक कंडेन्सरच्या दोन टोकांवर काही सेकंद टेकवा, आणि मीटरने व्होल्ट शून्याजवळ आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढू नका. कंडेन्सरही खराब होतो आणि हातही भाजतो.

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूचे, सगळे जोड स्लीव्हमध्ये झाकलेले हवेत. आपण पुढे अँप चालू ठेवून बराच वेळ ऐकणार आहोत, तेव्हा २३० व्होल्टचा उघडा जोड आत असता कामा नये. फेजमध्ये फ्यूज हवाच. या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरला ५०० मिलिअँपिअर ते १ अँपिअरचा स्लो-ब्लो पुरतो.

वायरिंग बदलल्यावर प्रत्येक वेळी पहिला स्विच सिरीज बोर्डवर दाबा, म्हणजे ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडून. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब क्षणभर लुकलुकून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजा. वीस-तीस मिलिव्होल्ट असले तर हरकत नाही, व्होल्टमध्ये आकडा दिसला तर स्पीकर लावू नका.

आणि आता अर्थिंग. पत्र्याचं कॅबिनेट असेल तर तीन पिनांचा प्लग आणि हिरवी अर्थ वायर थेट पत्र्याला, बोल्टने, रंग खरवडून. "अर्थची पिन काढली की हम जातो" हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. अनेकदा तो खरंच जातो. पण ज्या दिवशी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटेल त्या दिवशी तो पत्रा २३० व्होल्टवर असेल, आणि त्याला हात तुमचा नाही तर घरातल्या लहान मुलाचा लागेल. अर्थ न काढता हम घालवता येतो. कसा, ते पुढे सांगितलंय.

सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का हेही पाहून घ्या. मीटर एसी ७५० वर लावून फेज आणि अर्थमध्ये सुमारे २३० आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट दिसले तर अर्थ जोडलेली असण्याची शक्यता चांगली. फेज-अर्थचा आकडा बराच कमी किंवा तरंगता दिसला तर वरच्या मोठ्या भोकामागे बहुतेक काहीच जोडलेलं नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे सर्रास आढळतं. सॉकेटमध्ये मीटर घालायची सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

आधी कान लावा

आपल्याकडे पुरवठा ५० हर्ट्झचा. ब्रिजमधून गेल्यावर त्याच्या दोन्ही अर्ध्या लाटा एकाच बाजूला येतात, म्हणून फिल्टरवरचा रिपल १०० हर्ट्झचा. निदानाचा पहिला धागा हाच. ५० हर्ट्झचा हम म्हणजे चुंबकीय क्षेत्र, उघडी इनपुट वायर किंवा अर्थचा लूप (दोन उपकरणं एकमेकांना अर्थमधूनही आणि केबलमधूनही जोडली जाणं). १०० हर्ट्झचा म्हणजे ब्रिज आणि कंडेन्सर यांच्यातला करंट कुठेतरी सिग्नलच्या वाटेत घुसलाय.

दोन्ही ओळखायचे कसे? फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घ्या आणि हेडफोनवर ५० आणि १०० आळीपाळीने वाजवा. घरात पेटी असेल तर आणखी छान: ए ४४० ला लावलेल्या पेटीवर खर्जातली पांढरी पाच साधारण ९८ हर्ट्झची असते. १०० चा हम तिच्यापेक्षा किंचित चढा लागतो, आणि ५० चा बरोबर एक सप्तक खाली. पोतही वेगळा असतो. ५० चा हम गोल, पोकळ, घुमटात घुमल्यासारखा. १०० चा बहुधा खरखरीत, कारण त्याच्यासोबत २००, ३००, ४०० असे वरचे स्वरही येतात. लहान स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवतच नाही, म्हणून चार इंची स्पीकरमधून जो स्पष्ट ऐकू येतो तो बहुतेक वेळा १०० चा.

आता प्लग काढा, स्पीकर सोडवा आणि अँप पुन्हा चालू करा. घूं घूं तशीच राहिली, डब्यातूनच येते? मग ती ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांची यांत्रिक थरथर आहे. बोल्ट कसा, ट्रान्सफॉर्मरखाली रबरी वॉशर घाला. तेवढ्याने थांबलं नाही तर वॉर्निश पाजलेला चांगला ट्रान्सफॉर्मर घ्या. ग्राउंडशी तिचा काही संबंध नाही.

चार चाचण्या, याच क्रमाने

यात घाई करू नका. चाचणीने जागा सापडल्याशिवाय एकही वायर हलवू नका. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या की हम कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या अँपला तोच परत येतो.

पहिली: व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर. हम तसाच राहिला तर दोष पॉटच्या पुढे आहे, म्हणजे अँपचा बोर्ड, पॉवर सप्लाय किंवा त्यांचं ग्राउंड.

दुसरी: व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. हम सोबत वाढला तर तो पॉटच्या आधीच सिग्नलमध्ये मिसळतोय. अर्ध्याच्या पुढे कुठेतरी सर्वांत जास्त आणि अगदी शेवटी पुन्हा कमी, असं झालं तर पॉट आणि त्याच्या वायरी हवेतला हम पकडतायत.

तिसरी: शॉर्ट केलेला आरसीए प्लग. एका रिकाम्या प्लगमध्ये मधली पिन आणि बाहेरची कडी एकमेकांना सोल्डर करा. असे दोन करून ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडतील. फोन, टीव्ही, जे काही जोडलं असेल ते काढून हे प्लग दोन्ही चॅनेलला लावा. हम गेला तर तुमचा अँप निर्दोष आहे, लूप बाहेरच्या उपकरणाशी होतोय.

चौथी: शॉर्ट प्लग लावूनही हम असेल, तर अँप बंद करून बोर्डच्या इनपुट पॅडवरची वायर सोडवा आणि पॅड तिथेच, बोर्डवरच्या इनपुट ग्राउंडला दोन सेंटिमीटरच्या वायरने जोडा. चालू करा. आता शांत झाला तर दोष बोर्ड आणि सॉकेट यांच्यामधल्या वायरींत. अजूनही घुमतोय तर बोर्डच्या ग्राउंडमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये.

दोन कंडेन्सरांच्या मधली वायर

आपण ग्राउंडला शून्य म्हणतो, सर्किटच्या नकाशात त्याला एकच चिन्ह देतो आणि मग समजतो की जिथे जिथे ते चिन्ह आहे तिथे सगळीकडे शून्य व्होल्ट असतात. प्रत्यक्षात तिथे तांब्याची वायर असते आणि तिला रोध असतो. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला सुमारे १७ मिलिओहम. आपण वापरतो ती रिबन वायर ०.२ चौरस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मीटरला ८५ च्या जवळ. १५ सेंटिमीटरचा तुकडा घेतला तर १३ मिलिओहम.

आता करंट बघा. ब्रिज कंडेन्सरला सतत करंट देत नाही. लाटेच्या माथ्यावर थोडाच वेळ डायोड उघडतो आणि त्या वेळात सगळा करंट धक्क्यासारखा आत येतो. सरासरी १०० मिलिअँपिअर असेल तर धक्का अर्धा अँपिअरपर्यंत जातो, आणि असे धक्के सेकंदाला १००. गाणं जोरात वाजत असेल तर ते कित्येक अँपिअरचे होतात.

दुहेरी (प्लस-मायनस) सप्लायमध्ये हे धक्के वाहतात कुठून? ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकातून डायोड, वरचा कंडेन्सर, मग दोन कंडेन्सरांना जोडणारी वायर, खालचा कंडेन्सर, डायोड आणि ट्रान्सफॉर्मरचं दुसरं टोक. म्हणजे वरच्या कंडेन्सरचा निगेटिव्ह आणि खालच्याचा पॉझिटिव्ह जोडणारी जी छोटी वायर, जिला आपण बिनदिक्कत "ग्राउंड" म्हणतो, तीच या धक्क्यांचा रस्ता आहे.

समजा ती वायर वरच्या रिबनचाच १५ सेंटिमीटरचा तुकडा आहे. इनपुट सॉकेटचं ग्राउंड तुम्ही एका कंडेन्सरच्या पायाला लावलं आणि बोर्डचं ग्राउंड दुसऱ्याच्या पायाला, कारण तिथे जागा होती. अर्धा अँपिअर गुणिले १३ मिलिओहम, साडेसहा मिलिव्होल्ट. हे साडेसहा मिलिव्होल्ट आता तुमच्या सिग्नलमध्ये मिळवले जातात. टीडीए२०३० च्या नेहमीच्या सर्किटमध्ये फीडबॅकचे रेझिस्टर २२ किलोओहम आणि ६८० ओहम असतात, म्हणजे गेन (सिग्नल जितक्या पट वाढतो तो आकडा) सुमारे ३३. स्पीकरवर २०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त हम. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतका. कंडेन्सर मोठा केला की हे धक्के जास्त टोकदार होतात, म्हणून १०,००० मायक्रोफॅरॅड लावल्यावर कधी कधी खरखर उलट वाढते.

उपाय वायरिंगचा आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

दोन कंडेन्सर अगदी शेजारी ठेवा. त्यांचे मधले पाय जाड, आखूड तांब्याने जोडा. घरच्या वायरिंगची दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची वायर सोलून वापरली तरी उत्तम. ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (१२-०-१२ मधलं ०) या जोडाच्या मधोमध आणा. मग त्याच मध्यातून एक वायर बाहेर काढा, दोन-तीन सेंटिमीटरची पुरे, आणि तिच्या टोकाला रिंग लग किंवा तांब्याचा छोटा तुकडा लावा. हा तुमचा स्टार पॉइंट. चार्जिंगचे धक्के मागच्या जोडातच फिरतात, या फाट्यावर येत नाहीत. स्टार थेट कंडेन्सरच्या पायावर करायचा मोह होईल, चित्र तसंच दिसतं. तो फाटा सोडू नका.

स्टारला काय काय येईल: दोन्ही स्पीकरांच्या काळ्या वायरी, थेट, बोर्डला न शिवता, प्रत्येक बोर्डचं पॉवर ग्राउंड, स्वतंत्र वायरने, प्रत्येक बोर्डचं इनपुट ग्राउंड, तेही स्वतंत्र, आणि एक वायर कॅबिनेटकडे. पत्रा अँपला एकाच ठिकाणी भेटला पाहिजे.

पॉवर ग्राउंड आणि इनपुट ग्राउंड वेगळं का? आउटपुटवरचं झोबेल, म्हणजे १ ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅडची जोडी, आणि आयसीजवळचे डिकपलिंग (सप्लाय स्थिर ठेवणारे) कंडेन्सर मोठे करंट ग्राउंडमध्ये ओततात. इनपुटचा २२ किलोओहमचा रेझिस्टर आणि फीडबॅकचा कंडेन्सर यांना मात्र स्थिर, शांत पाय ठेवायला जागा हवी. झीरो बोर्डवर, म्हणजे भोकांच्या साध्या बोर्डवर, स्वतः बांधत असाल तर या दुसऱ्या गटाचे सगळे पाय एकाच ठिकाणी सोल्डर करून तिथून एक वायर स्टारला न्या. तयार पीसीबीवर दोन्ही ग्राउंड आधीच जोडलेले असतात. तिथे पीसीबीची एकच ग्राउंड वायर स्टारला द्या आणि स्पीकरची काळी वायर तेवढी पीसीबीवरून काढून स्टारला लावा. एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

पत्रा हीच ग्राउंड वायर म्हणून वापरायची जुनी पद्धत काही जण अजून शिकवतात. ती सोडून द्या.

हीटसिंकही बघा. टीडीए२०३० चा धातूचा पाठीचा भाग आतून तिसऱ्या पिनला, म्हणजे निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो. अभ्रकाची चकती आणि प्लास्टिकची बुश न लावता हीटसिंकवर कसला, आणि हीटसिंक पत्र्याला टेकला, की निगेटिव्ह सप्लाय ग्राउंडला शॉर्ट. आयसीची पाठ आणि हीटसिंक यांच्यामध्ये मीटरचा बीप वाजता कामा नये.

ट्रान्सफॉर्मर: अंतर आणि दिशा

शॉर्ट प्लग लावूनही गोल, ५० हर्ट्झचा हम उरला तर ट्रान्सफॉर्मरकडे वळा. साध्या ईआय (चौकोनी, पट्ट्यांच्या) ट्रान्सफॉर्मरभोवती बऱ्यापैकी चुंबकीय क्षेत्र असतं, आणि इनपुट वायर व तिचं ग्राउंड मिळून जो वेढा तयार होतो त्यात ते व्होल्ट निर्माण करतं. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मध्ये घालून हे क्षेत्र अडत नाही. अंतर ठेवलं की मात्र ते झपाट्याने कमी होतं, अंतर दुप्पट केलं तर जवळपास आठव्या हिश्श्यावर. म्हणून कॅबिनेट घेताना एक आकार मोठंच घ्या. ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात, इनपुट सॉकेट समोरच्या कोपऱ्यात.

मग दिशा. बोल्ट काढा, अँप बंद करून ट्रान्सफॉर्मर ९० अंशात फिरवा, चालू करून ऐका. मग दुसऱ्या बाजूने. एखाद्या स्थितीत हम आश्चर्य वाटावं इतका पडतो. ती जागा मार्करने आखून मगच भोकं पाडा.

टोरॉइड, म्हणजे गोल ट्रान्सफॉर्मर, या बाबतीत बराच शांत. पण तो बसवताना मधला बोल्ट वरून आणि खालून दोन्हीकडे पत्र्याला टेकू देऊ नका. तो एक शॉर्ट झालेला वेढा बनतो, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि फ्यूज उडतो.

ट्रान्सफॉर्मरपासून ब्रिजपर्यंतच्या तीन वायरी वेणीसारख्या पिळून घ्या आणि इनपुटच्या वायरींपासून दूर ठेवा. एकमेकींना ओलांडणं भागच असेल तर काटकोनात.

पॉट, शील्ड वायर आणि सॉकेट

दुसऱ्या चाचणीत हम व्हॉल्यूमसोबत हलत असेल तर हा भाग. पॉटच्या दांड्याला बोट लावा. हम कमी झाला तर पॉटची धातूची टोपी हवेत लोंबकळते आहे. टोपीवर थोडं घासून तिथून एक वायर पत्र्याला द्या. पॉट पत्र्याच्या पॅनेलवरच कसलेला असेल तर पॅनेलचा रंग खरवडला तरी पुरतं.

पॉट १०० किलोओहमचा असेल तर १० किंवा २२ चा लावून बघा. मध्यावर पॉटचा स्वतःचा आउटपुट रोध त्याच्या किमतीच्या पाव भाग असतो: १०० किलोओहमला २५, १० ला अडीच. रोध जितका जास्त तितकी वायर हवेतला हम जास्त पकडते. आजचे फोन आणि टीव्ही १० किलोओहम सहज चालवतात.

सॉकेट ते पॉट आणि पॉट ते बोर्ड शील्ड वायर (वर तारांची जाळी असलेली) वापरा, शक्य तितकी आखूड. आरसीए सॉकेट प्लास्टिकच्या वॉशरवर, पत्र्यापासून अलग बसवा, नाहीतर स्टार करून काय उपयोग, पत्र्याला दुसरी वाट मिळाली. डाव्या-उजव्या चॅनेलच्या वायरी एकत्र बांधून न्या. त्या वेगवेगळ्या बाजूंनी पसरल्या तर दोघींच्या शील्डचा मिळून एक मोठा वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र त्यात शिरतं.

फोन लावला की हम, काढला की शांत

तिसऱ्या चाचणीत अँप निर्दोष ठरला, तरी लॅपटॉप जोडला की घूं. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर वाजवा. हम गेला तर अर्थचा लूप आहे: तीन पिनांच्या चार्जरमधून लॅपटॉप अर्थला, अँपही अर्थला, आणि ऑडिओ केबलचं शील्ड दोघांना तिसऱ्या वाटेने जोडतंय. पहिला उपाय फुकटातला, दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. दोन्ही अर्थमधला फरकच कमी होतो.

टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स असेल तर भिंतीतून येणारी केबलची वायर काढून बघा. तिचं शील्ड इमारतीत दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेलं असतं आणि हा लूप मजलेच्या मजले लांब असतो. अशा वेळी ऑडिओ केबलमध्ये घालायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या. तो गाडीच्या म्युझिक सिस्टीमच्या दुकानातही मिळतो. स्वस्तातला खालचा खर्ज थोडा खातो, पण लूप तोडतो.

कायमचा उपाय अँपमध्येच करता येतो. अर्थ वायर पत्र्याला थेट, ती हलवायची नाही. मात्र स्टार आणि पत्रा यांच्यातली एक वायर काढून तिच्या जागी तीन गोष्टी समांतर लावा: १० ओहमचा रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर आणि केबीपीसी३५१० सारखा ३५ अँपिअरचा ब्रिज. ब्रिजचे प्लस आणि मायनस एकमेकांना शॉर्ट करा, त्याचे दोन एसी पाय वापरा. लूपमधले थोडेसे व्होल्ट १० ओहमवर अडतात. ट्रान्सफॉर्मर फुटून फेज आत आला तर ब्रिज लगेच वाहू लागतो, मोठा करंट अर्थमध्ये जातो आणि फ्यूज उडतो. म्हणून इथे ब्रिज जाडच हवा, १ अँपिअरच्या १एन४००७ वर जीव टांगू नका.

दोन पिनांच्या चार्जरवरही हम येऊ शकतो. त्यांच्या आत प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये एक छोटा कंडेन्सर असतो आणि त्यातून थोडा करंट झिरपतो. चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटतं ते यामुळेच. अँपला खरी अर्थ मिळाली की हा हम बहुतेक वेळा बसतो.

ब्लूटूथ-यूएसबीचं पॅनेल आत बसवलं असेल तर वेगळीच तक्रार येते: चिर्रऽ, टिकटिक, गाणं बदलताना किरकिर. मॉड्यूल त्याच सप्लायवर चालतं आणि त्याच्या डिजिटल भागाचा करंट ऑडिओच्या ग्राउंड वायरनेच परत येतो. ५ व्होल्टचा रेग्युलेटर बदलून हे जात नाही. ग्राउंडच वेगळं करावं लागतं: मॉड्यूलसाठी अलग छोटा ट्रान्सफॉर्मर, किंवा बी०५०५एस नावाचा चार पायांचा आयसोलेटेड कन्व्हर्टर. तो १ वॅटचा, म्हणजे २०० मिलिअँपिअर देतो. आपलं पॅनेल किती घेतं ते आधी मोजा.

बाकीचे किरकोळ

एलए४४४० या आयसीचा बोर्ड असेल तर त्या आयसीचा गेन ५० डेसिबलच्या आसपास, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. वर सांगितलेली प्रत्येक चूक तिथे दहापट मोठी ऐकू येते. त्या बोर्डला आखूड शील्ड वायर आणि छोटा पॉट लावून सुरुवात करा.

पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर फिरवल्यावर खरखरीचा सूर बदलला तर दोष रेग्युलेटरचा. अँपच्या प्लगपाशी चांगला लाइन फिल्टर लावा. आयसी हात लागू नये इतकी तापतेय आणि आवाज फाटतोय, तर ऑसिलेशन आहे, म्हणजे आयसी स्वतःच कंप पावतेय: झोबेल आणि आयसीच्या पायाजवळचे ०.१ मायक्रोफॅरॅड तपासा. बोर्डवर टिचकी मारल्यावर हम येतो-जातो, तर ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड. ग्राउंडचे सगळे जोड पुन्हा गरम करा, विशेषतः जाड वायरीचे, कारण कमी वॅटच्या आयर्नने ते नीट तापतच नाहीत.

सगळं झाल्यावर शॉर्ट प्लग लावून, व्हॉल्यूम पूर्ण वर करून, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी मिलिव्होल्ट मोजा. स्वस्त मीटरची सर्वांत खालची एसी रेंज २०० व्होल्ट असते, ती इथे निरुपयोगी. मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर मित्राकडून आणा. एक-दोन मिलिव्होल्टच्या आत आलात तर साध्या बैठकीच्या खोलीत, स्पीकरला कान लावल्याशिवाय काही ऐकू येणार नाही. दहाच्या पुढे असेल तर चौथ्या चाचणीवर परत जा.

मोजमाप झाकण लावून पुन्हा एकदा करा. लोखंडी झाकण ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र इनपुटच्या बाजूला ओढून नेतं, आणि स्क्रूखालच्या रंगामुळे ते अर्थलाही जोडलेलं नसतं. झाकण लावल्यावर हम वाढला तर एका स्क्रूभोवतीचा रंग आतून कानशीने घासा, दातेरी वॉशर घाला, आणि झाकण व प्लगची अर्थ पिन यांच्यात मीटरचा बीप वाजेपर्यंत तो स्क्रू कसा.